केळं, लवंग आणि देवळालीचा ताप

शनिवारी सकाळी सीबीडी-बेलापूरला कोकण भवनाजवळच्या थांब्यावर मी आणि दाजी पुण्याच्या शिवनेरीची वाट पाहत उभे होतो. दाजींनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात चौतीस वर्षं केमिस्ट म्हणून काढली आणि दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. पुण्यात ताजी बीअर बनवतात तिथे जाऊ, टाक्या बघू, चव घेऊ, असं मी म्हटल्यावर त्यांनी लगेच पिशवी भरली. ताईनं मात्र दारातून एवढंच विचारलं, "चढणार नाही ना फार?"

तिच्या विचारण्याला कारण आहे. आमच्या आजोळी एक मामा हातभट्टीनं गेला. तेव्हापासून घरात तो विषयच निघत नाही, आणि निघालाच तर एवढ्या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचं हेच आहे. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. गावोगावच्या बायकांनी मतदान करून 'बाटली आडवी' केली आहे, आणि ती त्यांनी उगाच केलेली नाही. हे सगळं मनात ठेवूनच मी या प्रवासाला निघालो होतो. दारू चढते किती, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. ती बनते कशी, तिच्यात असतं काय आणि ती लागते कशी, हे मला एकदा जवळून बघायचं होतं.

घरी गाडी असताना बस का, तर जिथे चव घ्यायला जायचं तिथे स्वतः गाडी चालवत जायचं नाही. हा नियम आम्ही आधीच ठरवला होता.

बस कळंबोलीला द्रुतगती मार्गावर चढली तेव्हा दाजींनी डावीकडे बोट केलं. "तिकडे तळोजा. युनायटेड ब्रुअरीजचा कारखाना तिथलाच." आपण दुकानात पाहतो ती बाटलीतली बीअर अशा मोठ्या कारखान्यांतून येते. ती गाळून स्वच्छ करतात, बाटलीत भरून साधारण साठ अंशांपर्यंत तापवतात, त्यामुळे उरलेलं यीस्ट आणि जंतू मरतात आणि बाटली महिनोन् महिने टिकते. या पद्धतीत टिकाऊपणा मिळतो आणि प्रत्येक बाटलीची चव सारखी राहते. पण ताजेपणा जातो, आणि कुणी, कशापासून, कधी बनवली हे पिणाऱ्याला कळत नाही.

कळंबोलीच्या चौकात जेएनपीटीकडून आलेल्या कंटेनरच्या रांगा नेहमीच्याच. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. त्याच्याही आधी दीड-दोनशे वर्षं, पलीकडच्या मुंबई बंदरात इंग्लंडहून बीअरची पिंपं उतरत असत. शिडाच्या जहाजाला इथे पोचायला चार ते सहा महिने लागायचे, वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडावं लागायचं. एवढ्या उकाड्यात बीअर आंबून जाऊ नये म्हणून तिच्यात हॉप्स जास्त घालत. हॉप्स म्हणजे एका वेलीची शंकूसारखी फुलं. त्यांत पिवळी, चिकट पूड असते. तिच्यानं कडवटपणा येतो आणि बीअर नासवणाऱ्या जंतूंना आळाही बसतो. लंडनच्या बो भागातला हॉजसन हा बीअर बनवणारा या निर्यातीत अठराव्या शतकाच्या अखेरीस पुढे आला, आणि त्या कडवट बीअरला पुढे 'इंडिया पेल एल' म्हणजे आयपीए हे नाव पडलं. आज जगभरच्या टॅपरूममध्ये, म्हणजे नळातून ताजी बीअर देणाऱ्या ठिकाणी, आयपीए असतेच. तिच्या नावातला 'इंडिया' मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या धक्क्यांवरून आला आहे.

खोपोलीचा घाट चढून बस लोणावळ्याच्या थंड हवेत आली. स्वारगेटला उतरून आम्ही आधी पोटभर थाळी जेवलो. रिकाम्या पोटी चव घ्यायला जायचं नाही, हा दुसरा नियम.

आम्ही निघालो होतो ते एनआयबीएमच्या पुढे मोहम्मदवाडीच्या अंगाला असलेल्या कोरिंथियन्स क्लबच्या दिशेनं. तिथेच २००९ साली 'डूलाली' सुरू झाली. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी या दोघांनी ती काढली आणि बीअर बनवायला ऑलिव्हर शाउफ हे जर्मन ब्रूमास्टर आले. पुढे मुंबईत अंधेरीला त्यांचं टॅपरूम निघालं, मग इतरत्रही. त्यांच्या मागोमाग पुण्यात 'इंडिपेन्डन्स', 'एफिंगट', 'ग्रेट स्टेट एल वर्क्स', मुंबईत 'गेटवे', 'व्हाइट आउल' अशी नावं आली.

'डूलाली' हे नाव मला इंग्रजी वाटत होतं. ते आपल्याच देवळालीचं आहे. नाशिकजवळच्या देवळालीत ब्रिटिशांनी १८६१ साली लष्करी छावणी उभारली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्याआधी इथे येऊन थांबत. सैन्य नेणारी जहाजं हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. ज्याची मुदत भलत्या महिन्यात संपली त्याला महिनोन् महिने काही काम नसताना उन्हात, धुळीत, हिवतापाच्या साथीत दिवस मोजत बसावं लागे. काहींची डोकी फिरली. त्या अवस्थेला शिपाई म्हणू लागले 'डूलाली टॅप'. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. इंग्रजीत आजही डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणतात. देवळाली आणि ताप, हे दोन शब्द इंग्लंडला गेले, तिथे शंभरावर वर्षं राहिले आणि एका मराठी माणसाच्या बीअरच्या नळावर परत आले. दाजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "माझा थोरला भाऊ देवळालीला तोफखान्यात होता. त्याला हे कुणी सांगितलं नसणार."

मायक्रोब्रुअरीत शिरल्यावर पहिल्यांदा नजर जाते ती टाक्यांवर. काचेपलीकडे तांब्याच्या आणि स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, खाली निमुळत्या होत गेलेल्या. इथली बीअर इथेच बनते आणि इथल्याच नळातून ग्लासात येते. ती गाळून पारदर्शक केलेली नसते, तापवलेलीही नसते, म्हणून तिला ताजेपणी प्यावं लागतं. दुकानात ठेवून विकायची ही चीज नव्हे. २०२०च्या टाळेबंदीत बार बंद पडले तेव्हा टाक्यांत बीअर तशीच पडून राहिली, आणि ग्रोलर नावाच्या मोठ्या बाटल्यांत भरून ती घरी न्यायची परवानगी सरकारनं दिली, तेव्हा कुठे या धंद्याला जरा श्वास घेता आला.

दाजी टेबलाकडे आलेच नाहीत. ते काचेपाशी उभे राहून टाक्या वाचत होते. "जॅकेट आहे. आतून थंड ग्लायकॉल फिरवत असणार. हा प्रेशर गेज. हा सीआयपीचा पाइप, टाकी न उघडता धुवायला." बीअर बनवणारा तरुण आतून हे बघत होता. त्यानं दार उघडून आम्हाला आत घेतलं आणि पुढचा अर्धा तास आम्ही बसलोच नाही.

त्यानं आधी दाजींच्या हातावर मूठभर दाणे ठेवले. "चावून बघा काका." जवाचे दाणे होते, भाजलेले. चावल्यावर कुरकुरीत, मग गोड. हे माल्ट. जव भिजवायचे, त्यांना मोड आणायचे, मोड जरा वर आले की वाळवून भट्टीत भाजायचे. किती भाजले यावर बीअरचा रंग आणि चव ठरते. हलके भाजले तर सोनेरी, जास्त भाजले तर तांबूस, करपेपर्यंत भाजले तर कॉफीसारखी काळी. ऐकता ऐकता मला आमच्या स्वयंपाकघरातली नाचणी दिसू लागली. बाळाच्या सत्त्वासाठी नाचणी भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, सावलीत वाळवतात, खमंग भाजतात आणि दळतात. आपल्या आज्या माल्ट बनवत होत्या, फक्त त्या त्याला सत्त्व म्हणत होत्या.

मोड का आणायचे, तेही त्यानं सांगितलं. दाण्यात पिष्ट असतं आणि यीस्टला पिष्ट खाता येत नाही, साखर लागते. मोड फुटताना दाणा आपल्याच कोंबासाठी विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतो. हे विकर पिष्टाची साखर करतात. भाकरीचा घास खूप वेळ चावला की गोड लागतो ना, तिथे हेच काम लाळेतलं विकर करत असतं. भरडलेलं माल्ट साधारण पासष्ट अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवलं की टाकीतही तेच घडतं. मग गोड पाणी निथळून घ्यायचं. शंभर लिटर बीअरला वीसेक किलो माल्ट लागतं, आणि निथळून उरलेला चोथा जनावरांच्या चाऱ्याला जातो. त्या चोथ्याची टोपली कोपऱ्यात होती. वास शिजवलेल्या गव्हाचा, दूध-गूळ घालण्याआधीच्या खिरीसारखा.

गोड पाणी मग तास-दीड तास उकळायचं आणि उकळताना हॉप्स घालायचे. सुरुवातीला घातले तर कडवटपणा, शेवटी घातले तर सुगंध. आपल्याला हे सांगायला नको. फोडणीत घातलेला कढीपत्ता आणि वरून घातलेली कोथिंबीर यांतला फरक आपण रोज खातो. हॉप्सच्या वेलीला उन्हाळ्यात फार लांब दिवस लागतात, म्हणून ती आपल्याकडे नीट येत नाही. बराचसा माल जर्मनी-अमेरिकेहून येतो. थोडी लागवड हिमाचलातल्या लाहौलमध्ये होते.

शेवटी थंड करून यीस्ट घालायचं. साखर खाऊन तिचं मद्य करतं ते हेच. पिढ्यान् पिढ्या माणसांना वाटत होतं की बीअर देव किंवा निसर्ग बनवतो. जर्मनीत बव्हेरियाच्या राज्यानं १५१६ साली बीअरच्या शुद्धतेचा कायदा केला. त्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढंच होतं. यीस्टचा उल्लेखच नव्हता, कारण ते डोळ्यांना दिसत नव्हतं. एल जातीचं यीस्ट अठरा-बावीस अंशांत काम करतं, लागर जातीचं आठ-बारा अंशांत आणि सावकाश. पुण्या-मुंबईच्या हवेत टाकी तेवढी थंड ठेवायची म्हणजे वीज आणि ग्लायकॉल, आणि म्हणूनच ती जॅकेटं.

आता टेबलाशी बसलो. आम्ही पूर्ण ग्लास मागवले नाहीत, छोट्या ग्लासांचा ट्रे मागवला. प्रत्येकात तीन-चार घोट. हीच चव घेण्याची रीत. फिक्यापासून सुरुवात करायची आणि गडदाकडे जायचं, नाहीतर करपट चव जिभेवर बसली की पुढचं नाजूक काही कळत नाही. मध्ये साधं पाणी. आणि घोट घेण्याआधी वास.

पहिला ग्लास हेफेवाइत्सनचा, म्हणजे गव्हाची जर्मन बीअर. गढूळ, लिंबाच्या सरबतासारखी, वर पांढरा जाड फेस. दाजींनी ग्लास नाकापाशी नेला आणि तसेच थांबले. परत वास घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, हे आयसोअमाइल ॲसिटेट आहे."

कारखान्यात त्यांच्या खात्यात हे रसायन पिंपांनी असायचं. 'बनाना ऑइल' म्हणतात त्याला, कारण पिकलेल्या केळ्याला जो वास येतो तो याचाच. रंगांच्या द्रावणात वापरतात, गोळ्या-बिस्किटांच्या स्वादातही वापरतात. "किती वर्षं हा वास शर्टाला घेऊन घरी आलोय. तुझी ताई म्हणायची, आज केळी आणलीत का?" गव्हाच्या बीअरचं यीस्ट साखर खाताना हेच द्रव्य स्वतः तयार करतं. त्या टाकीत केळं घातलेलं नसतं. दुसऱ्या घोटात त्यांना आणखी काही सापडलं. "लवंग." तीही घातलेली नव्हती. लवंगेतल्या युजेनॉलचं जवळचं भावंड असलेलं एक द्रव्य त्याच यीस्टमधून येतं. बीअर बनवणारा तरुण म्हणाला की टाकीचं तापमान दोन-तीन अंश इकडेतिकडे केलं की केळं वाढतं किंवा लवंग वाढते. दाजींनी मान हलवली. रिॲक्टरपुढे उभं राहून तापमान सांभाळणं म्हणजे काय, ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढचा ग्लास बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बीअरचा. तिच्यात मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखर घालतात. मग आयपीए. पहिल्या घोटाला कडू, मग मोसंबीच्या सालीचा वास, मग जिभेच्या मागे बराच वेळ रेंगाळणारी कडवट चव. कारल्याची भाजी आवडणाऱ्यांना ही लवकर पटते. शेवटी काळी स्टाउट. करपट, कॉफीसारखी, पण गुळगुळीत, कारण तिच्यात ओट असतं. चारही ग्लास मिळून आमच्या वाट्याला जेमतेम एक मोठा ग्लास आला, आणि तेवढ्यात चार देशांच्या आणि कितीतरी धान्यांच्या चवी झाल्या. पाचव्याची गरज वाटली नाही.

माझ्या लक्षात आलं की दोन तासांत आम्ही तुरट, करपट, आंबूस, खमंग, उग्र, गुळचट, दरवळ असे शब्द वापरत होतो. हे सगळे स्वयंपाकघरातले शब्द. दारूबद्दल मराठीत आपण फार बोलतो, पण ते तिच्या परिणामांबद्दल. तिच्या चवीबद्दल बोलायला भाषा नाही असं मला वाटायचं. भाषा होती, ती फक्त या टेबलापर्यंत आणलेली नव्हती. ज्या मामाला मी लहानपणी पाहिलं तो डोळे मिटून एका घोटात ग्लास रिकामा करायचा, चव लागू नये म्हणून. इथे सगळी धडपड चव लागावी म्हणून होती. पुढ्यात बनवणारा उभा असला, त्याचे कष्ट आणि त्याचं धान्य आपण पाहिलेलं असलं, की हात आपोआप सावकाश चालतो.

रात्री कोथरूडला भाच्याकडे राहिलो. रविवारी सकाळी त्यानंच आम्हाला चांदणी चौकातून मुळशीच्या रस्त्याला, भूगाव-भुकूमवरून पिरंगुटच्या बाजूला नेलं. तिथे 'मूनशाइन मीडरी' आहे. रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांनी काढलेली, आशियातली पहिली मीडरी म्हणून ओळखली जाणारी. मीड म्हणजे मधाचं पेय. मधात साखर ऐंशी टक्क्यांच्या आसपास आणि पाणी इतकं कमी की यीस्टला त्यात जगता येत नाही, म्हणून मध टिकतो. त्यात पाणी मिसळलं की यीस्ट कामाला लागतं. माणसानं बनवलेल्या सर्वांत जुन्या मद्यांपैकी हे एक. तरी कायद्याच्या कागदावर त्याला वेगळा रकाना नव्हता. मीड ना बीअर ना द्राक्षाची वाइन. शेवटी वाइनच्या वर्गात बसवून त्यांना परवाना मिळाला. नाशिकला योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे या दोघींनी 'सेराना मीड्स' उभी केली आहे. तिचं नाव आपल्या सातेरी माशीच्या शास्त्रीय नावावरून आहे.

इथे चव घेताना दाजींपेक्षा मला जास्त सापडलं. कॉफीचं मीड, सफरचंदाचं मीड, आणि मीठ घातलेलं कोकमाचं मीड. त्याचा पहिला घोट घेतला आणि मे महिन्यातली दुपार आठवली. माठातलं पाणी, कोकमाचा आगळ, चिमूटभर मीठ, जिरं. फरक इतकाच की गोडवा साखरेचा नव्हता, फुलांचा होता. जांभळाचा मध वेगळा, हिरड्याचा वेगळा, सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचा वेगळा, हे महाबळेश्वरच्या मधपाळांना पाठ असतं. मधाची चव फुलांवर आणि फुलांची गोष्ट जंगलावर अवलंबून असते. मधाला नवं गिऱ्हाईक मिळालं तर पेट्या सांभाळणाऱ्यांना आधार मिळेल, आणि पेट्यांतल्या माश्यांनी आसपासच्या पिकांचं परागीभवन होईल. तिथून निघताना हाच विचार मनात होता.

कुणाला असं जायचं असेल तर थोडं सांगतो. महाराष्ट्रात सौम्य बीअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, कडक मद्यासाठी २५, आणि पिण्याचा परवाना असावा लागतो, तो एक दिवसाचाही मिळतो. टाक्या बघायच्या असतील तर दुपारी जा. संध्याकाळच्या गर्दीत बनवणाऱ्याला बोलायला सवड नसते. आधी फोन करून विचारा. छोटे ग्लास मागा. "काय चांगलं आहे" यापेक्षा "आज काय ताजं आहे" असं विचारा. आणि परतीची बस आधी ठरवून ठेवा.

रविवारी संध्याकाळी आम्ही बेलापूरला उतरलो. ताईनं दार उघडलं, आमच्या दोघांच्या तोंडांकडे नीट पाहिलं आणि पाणी आणायला आत गेली. दाजी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर नातवासाठी मोड आणलेली नाचणी फडक्यावर वाळत पडली होती. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. त्या तरुणानं दिलेले जवाचे दाणे होते तिच्यात. चार दाणे ताईच्या तळहातावर ठेवले.

"चावून बघ."

ताईनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग दाण्यांकडे. मामा गेल्यापासून या विषयातली कुठलीही वस्तू तिनं हातात धरली नव्हती. तिनं दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चावले.

"गोड आहेत," ती म्हणाली. "जरा जास्त भाजलेत. पुढे काय करतात यांचं?"

दाजी स्टूल ओढून बसले आणि सांगू लागले.